निर्व्यसनी मजला

अ‍ॅन आर्बर हे गाव १८२४ साली दोन गृहस्थांनी वसवले. दोघांच्याही बायकांचे नाव अ‍ॅन, आणि जागेवर ओक वृक्षांची गर्द सावली. म्हणून ‘अ‍ॅनची वनराई’, अर्थात अ‍ॅन आर्बर, हे नाव पडले असे सांगतात. एका नावात दोन गृहिणींना खूश करण्याची ही किमया ज्यांना साधली, त्यांच्या गावात पुढे मोठे विद्यापीठ नांदावे यात नवल ते काय! मिशिगन विद्यापीठाची स्थापना १८१७ सालची, डेट्रॉइटमधली. १८३७ मध्ये ते या गावी चाळीस एकरांवर राहायला आले आणि मग गावच विद्यापीठाचे होऊन गेले.

डेट्रॉइटहून पश्चिमेला मोटारीने पाऊण तास गेले की हे गाव लागते. ह्यूरॉन नदी त्याला वळसा घालून संथपणे वाहते. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि फुटबॉलचे मैदान मात्र लाखाहून अधिक माणसे बसतील एवढे! विद्यापीठाच्या मध्यभागी ‘डायग’ नावाचा चौक आहे. तिथे फरशीत पितळेचे ‘एम’ हे अक्षर बसवलेले आहे. पहिली परीक्षा होण्याआधी त्यावर पाय पडला तर विद्यार्थी नापास होतो, अशी समजूत. विज्ञान शिकायला आलेली मुलेही त्या अक्षराला प्रदक्षिणा घातल्यासारखी बाजूने जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले. जवळच बर्टन मनोरा आहे; त्याच्या घंटांचा नाद आख्ख्या परिसरावर पसरतो. आणि स्टेट स्ट्रीटवरच्या युनियनच्या पायऱ्यांवर १४ ऑक्टोबर १९६० रोजी रात्री दोन वाजता केनेडींनी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. परदेशी जाऊन सेवा करायला तयार आहात का, असे त्यांनी विचारले. ‘पीस कोअर’चे बीज तिथे पडले. मध्यरात्री दोन वाजता हजारो मुले जागी होती, हा तपशील लक्षात ठेवावा. या गावात रात्री दोन म्हणजे काही फार उशीर नव्हे.

माझी थोरली बहीण डेट्रॉइटच्या उपनगरात, नोव्हायला, गेली कित्येक वर्षे राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, २०१५ साली या विद्यापीठात दाखल झाली. तिचे बिऱ्हाड लावून द्यायला मी पुण्याहून गेले होते. लग्नाच्या मुलीची पाठवणी करावी तसा हा प्रकार त्या देशात असतो. फरक इतकाच की इथे रडायचे असते आईबापांनी, आणि नवरी ‘आता जा ना तुम्ही’ असे म्हणत असते.

पण खरी हकीगत त्याआधीची, वसतिगृहाच्या अर्जाची. हा अर्ज वसंत ऋतूत भरायचा असतो. किती वाजता झोपता, खोली नीटनेटकी लागते की पसारा चालतो, असले प्रश्न त्यात असतात. आपल्याकडे मुलगी दाखवतानासुद्धा इतकी चौकशी करीत नाहीत! त्यातच एक चौकट होती: ‘सब्स्टन्स-फ्री’ निवास हवा काय? हवा असल्यास खूण करावी.

आता ‘सब्स्टन्स’ म्हणजे सत्त्व, सार, अर्थ, असे आमच्या पिढीने शाळेत पाठ केलेले. त्या हिशेबाने ही निःसत्त्व वसतिगृहे ठरतात. पण अमेरिकन बोलीत या शब्दाने दारू, तंबाखू, गांजा आणि त्यांचे सगळे गणगोत एका टोपलीत घातले आहे. तेव्हा आपल्या भाषेत त्याला निर्व्यसनी निवास म्हणावे हे बरे. तिथे राहणारा लेखी कबूल करतो की यातला कोणताही पदार्थ मी खोलीत आणणार नाही, आणि माझे पाहुणेही आणणार नाहीत. बहुतेक ठिकाणी याच्या पुढचे एक कलम असते, आणि सारी मेख त्यात आहे: बाहेर काही घेतलेच, तर त्याचा उपद्रव घेऊन मजल्यावर परतणार नाही.

नोव्हायच्या मराठी मंडळींत ही बातमी पसरली तेव्हा तिला अनेक फाटे फुटले. एका काकूंनी विचारले, “म्हणजे तिथलं जेवण शाकाहारी असेल ना?” दुसऱ्या म्हणाल्या, “मुली-मुलींचंच असेल, बरं झालं.” तिसऱ्यांची खात्री पटली की तिथे कडक रेक्टरबाई असणार आणि दहाच्या ठोक्याला दिवे मालवणार. यातले काहीच खरे नाही. भोजनगृह सर्वांचे एकच. त्यात चिकन आहे, बीफ आहे, आणि आपल्या नशिबी असलेले उकडलेले वाटाणेही आहेत. दिवे मालवायला कोणी येत नाही. मजल्यावर वरच्या वर्गातला एक विद्यार्थी नेमलेला असतो, त्याला आर. ए. म्हणतात. तो रेक्टर कमी आणि थोरला भाऊ जास्त.

भावोजी तर अर्ज पाहताच म्हणाले, “यात विचार कसला करायचा? कर खूण आणि मोकळी हो.”

भाचीने लॅपटॉप मिटला. “खोली माझी आहे, बाबा. खूण करायची की नाही ते मी ठरवणार.”

घरात तीन दिवस अबोला. ताईने मध्यस्थी करून पाहिली, मी बाहेरून पाहुणी म्हणून पाहिली. चौथ्या दिवशी मुलीने आपल्या हाताने खूण केली, आणि कारण विचारल्यावर म्हणाली, “मावशी, मला पार्टीला जावंसं वाटलं तर मी जाईन. पण पार्टी माझ्या खोलीत यायला नको.”

एवढ्या एका वाक्यात त्या चौकटीचा सारा अर्थ होता. पण भावोजींना त्यातला पहिलाच अर्धा भाग ऐकू आला, आणि ते आणखी दोन दिवस बोलले नाहीत.

इथे चौकस वाचक विचारतील की अहो, अमेरिकेत एकवीस वर्षांच्या आत दारू पिण्याला कायद्यानेच बंदी आहे ना? वसतिगृहातली मुले अठरा-एकोणीसची. मग आणखी वेगळा निर्व्यसनी मजला हवा कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजायला या गावाचा थोडा इतिहास पाहावा लागतो, आणि तो मोठा गमतीचा आहे.

या विद्यापीठाचे एकोणिसाव्या शतकातले कुलगुरू टॅपन यांना वसतिगृह हा प्रकारच पसंत नव्हता. त्यांनी विद्यार्थ्यांच्या खोल्यांचे वर्ग करून टाकले आणि मुलांना गावात घरमालकिणींच्या हवाली केले. त्यानंतर १९१५ साली मुलींसाठी मार्था कुक आणि हेलन न्यूबेरी ही सदने उभी राहिली. पुढे कित्येक वर्षे मुलींनी रात्री अमुक वाजता परत आलेच पाहिजे असा नियम होता. विद्यापीठ हे आईबापांच्या जागी, अशी त्यामागची कल्पना. १९६० नंतरच्या दशकात ही कल्पना देशभर कोसळली. १९६१ साली अलाबामातल्या एका खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की विद्यार्थ्याला बाजू मांडू न देता सरकारी कॉलेजातून काढता येणार नाही. दरवाजांवरचे पहारे गेले, परतण्याच्या वेळा गेल्या.

दारूचे तर त्याहून अजब. मिशिगन राज्याने देशाच्याही आधी, १९१८ सालीच, दारूबंदी केली. आणि १९३३ मध्ये ती देशातून उठवायच्या घटनादुरुस्तीला पहिली संमती दिली तीही मिशिगननेच! गावात डिव्हिजन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्याच्या पूर्वेला विद्यापीठ, पश्चिमेला बाजारपेठ. एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत या रस्त्याच्या पूर्वेला पेलाभर दारू विकण्याचीही मनाई होती. रस्ता ओलांडला की सारे मोकळे. एकविसावा वाढदिवस साजरा करायला मुले रस्ता ओलांडून ‘प्रेट्झल बेल’ नावाच्या त्या काळच्या प्रसिद्ध गुत्त्यात जात. सरस्वती आणि वारुणी यांच्यामध्ये नगरपालिकेने अशी रेघ ओढून दिली होती, आणि दोघींची भक्ती करणाऱ्यांना रोज थोडे चालावे लागे, एवढाच तिचा परिणाम.

मग १९७२ मध्ये मिशिगनने पिण्याचे वय अठरावर आणले, १९७८ च्या अखेरीस पुन्हा एकवीसवर नेले. १९८४ साली केंद्र सरकारने कायदा केला की जे राज्य एकवीसची मर्यादा पाळणार नाही त्याच्या रस्त्यांच्या अनुदानात कपात होईल. सगळी राज्ये मुकाट्याने वठणीवर आली. कायद्यापुढे प्रश्न मिटला.

खोल्यांमधला मात्र मिटला नाही. बंदी होती म्हणून दारू दिवाणखान्यातून उठून दाराआड गेली, आणि दाराआड माणूस भराभरा पितो. हार्वर्डचे हेन्री वेक्सलर यांनी १९९३ साली १४० कॉलेजांतील सतरा हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ४४ टक्के विद्यार्थ्यांनी गेल्या दोन आठवड्यांत एका बैठकीत चार-पाच किंवा त्याहून अधिक पेले रिचवल्याचे सांगितले. वेक्सलर यांनी आणखीही एक गोष्ट मोजली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. जे पीत नाहीत त्यांना काय सोसावे लागते? मोडलेली झोप, बुडालेला अभ्यास, घाण झालेले न्हाणीघर, नको असलेली सलगी, आणि मध्यरात्री शुद्ध हरपलेल्या मैत्रिणीची शुश्रूषा. धूम्रपान न करणाऱ्याच्या छातीत दुसऱ्याचा धूर जातो, तसा हा दुसऱ्याच्या दारूचा धूर. निर्व्यसनी निवासात हा त्रास कमी होतो, असेही त्यांच्या पुढच्या पाहणीत दिसले. अर्थात असा निवास मागणारी मुले मुळातच वेगळी, हेही ध्यानात घ्यायला हवे.

तर या न पिणाऱ्यांसाठी ती चौकट. मिशिगन विद्यापीठाने १९८९ पासून अशा खोल्या देऊ केल्या, आणि पुढच्या काही वर्षांत देशभर अनेक कॉलेजांनी हाच मार्ग धरला. कायदा म्हणतो, ‘पिऊ नका.’ चौकट विचारते, ‘तुम्हाला कुणाबरोबर राहायचे आहे?’

लेबर डेच्या आधीच्या आठवड्यात आम्ही सामान घेऊन गेलो. पूर्वेकडच्या टेकडीवर वसतिगृहांची रांग आहे, त्यातले एक. चाकाच्या मोठमोठ्या गाड्यांतून गाद्या, पंखे, छोटे फ्रिज, दिवे यांची वरात चाललेली. भाचीची खोली चौथ्या मजल्यावर. अर्धा मजला निर्व्यसनी, अर्धा सर्वसाधारण. मध्ये एक साधे काचेचे दार, आणि त्या दाराला कुलूप नाही. म्हणजे डिव्हिजन स्ट्रीटची आवृत्तीच म्हणायची.

खोलीची भागीदारीण मिशिगनच्या अगदी उत्तरेकडच्या एका छोट्या गावातली. उंच, अबोल, सामान अवघ्या दोन पेट्या. ताईने पहिल्याच दिवशी तिला चिवड्याचा डबा दिला आणि बोलता बोलता विचारले, “तू का गं हा मजला घेतलास?” असा प्रश्न तिथे विचारीत नाहीत, पण मराठी आईला तेवढे माफ असते. मुलगी थोडा वेळ चिवड्यातले दाणे वेचत राहिली. मग म्हणाली, की तिचे वडील रात्री घरी येत तेव्हा कुलपात किल्ली फिरायला किती वेळ लागतो, यावरून आज घरात काय होणार हे कळायचे. अंथरुणात पडल्या पडल्या ती किल्लीचा आवाज मोजायची. “मला एक वर्ष तरी किल्लीचा आवाज न ऐकता झोपायचं आहे.”

ताईने काही न बोलता डबा पुन्हा भरला.

इतरांची कारणे एवढी जड नव्हती. कोणी पोहणारी होती, पहाटे पाचला उठायची. एकीला दम्याचा त्रास, धूर सोसत नाही. एक मोर्मन होती, दोघी-तिघी मुसलमान. त्यांना धर्माने वर्ज्य. एकीने हायस्कुलात सगळे करून पाहिले होते आणि आता तिला कंटाळा आला होता. एक म्हणाली, या मजल्यावरची न्हाणीघरे स्वच्छ असतात असे थोरल्या भावाने सांगितले, बस्स! एका ध्येयाने भारलेली ही काही मंडळी नव्हेत. त्यांच्यात एकमत होते ते फक्त रात्रीपुरते.

या व्यवस्थेची कसोटी मी एकदा जवळून पाहिली. १७ ऑक्टोबर २०१५, शनिवार. मिशिगनचा सामना शेजारच्या मिशिगन स्टेट विद्यापीठाशी होता. मुंबईच्या लोकांनी भारत-पाकिस्तान आठवावे. सकाळपासून गाव पिवळ्या-निळ्या रंगात बुडाले होते. घराघरांच्या हिरवळींवर, छपरांवरसुद्धा, मुले लाल प्लास्टिकचे पेले घेऊन उभी. मी आणि भाची मजल्यावरच्या सामाईक दिवाणखान्यात टीव्हीपुढे बसलो होतो. मला त्या खेळात काय कळते? पण दहा सेकंद उरली आहेत, आपण दोन गुणांनी पुढे आहोत आणि चेंडू फक्त दूर लाथाडायचा आहे, एवढे कळले होते. तो चेंडू लाथाडणाऱ्याच्या हातून निसटला. प्रतिपक्षाने तो उचलला, आणि धावत जाऊन सामना २७-२३ असा जिंकला. लाखाच्या वर माणसे एकदम गप्प झालेली मी टीव्हीवर पाहिली.

ती शांतता फार टिकली नाही. जिंकले असते तर आनंदाने प्यायले असते, हरले म्हणून दुःखाने प्याले. भावोजी मला न्यायला रात्री अकराला येणार होते, तोवर मी तिथेच होते. काचेच्या दारापलीकडे गाणी, आरडाओरडा, काहीतरी फुटल्याचा आवाज. अलीकडे आठ-दहा मुली जमिनीवर बसून हजार तुकड्यांचे चित्र जुळवीत होत्या. साडेदहाच्या सुमाराला दार ढकलून एक मुलगी आत आली, भिंतीला धरत धरत चार पावले चालली आणि खाली बसली. ती पलीकडची नव्हती. याच मजल्यावरची, दोन खोल्या सोडून राहणारी.

कोणी ओरडले नाही, की कोणी नाक मुरडले नाही. एकीने तिला कुशीवर वळवले, उलटी घशात अडकू नये म्हणून. दुसरी आर. ए.ला बोलवायला धावली. तिसरी तिच्याशी सारखी बोलत राहिली. उत्तरे येईनाशी झाली तेव्हा आर. ए.ने रुग्णवाहिका मागवली. मिशिगनमध्ये २०१२ पासून कायदाच आहे, की दारूने अत्यवस्थ झालेल्या अल्पवयीन मुलासाठी मदत मागितली तर दारू बाळगल्याचा गुन्हा त्या दोघांवरही दाखल होत नाही. शिक्षेच्या भीतीने मैत्रिणीला खोलीत झोपवून ठेवायचे आणि सकाळी ती उठायची नाही, असे प्रकार घडल्यानंतर आलेले हे शहाणपण. मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली, पांढरीफटक आणि गप्प.

मंगळवारी मजल्याची बैठक झाली. ती हकीगत भाचीने मला फोनवर सांगितली. करार मोडला होता, याबद्दल वाद नव्हता. काही जणींचे म्हणणे, तिने मजला सोडावा. नाहीतर आमच्या सह्यांना काय किंमत? तेव्हा त्या मुलीने पहिल्यांदा तोंड उघडले. चौकटीत खूण तिने केलीच नव्हती. अर्ज वडिलांनी भरला होता. तिला इथे पोहोचेपर्यंत माहीतसुद्धा नव्हते. “मला कुणी विचारलंच नाही.”

खोलीत बराच वेळ कोणी बोलेना. मग उत्तरेकडची ती किल्लीवाली मुलगी म्हणाली, “मग आता विचारू या.”

ज्या मुलीला रागावण्याचा सर्वांत जास्त हक्क होता, तिने हे म्हणावे! त्यांनी विचारले. विचार करायला आठवडा दिला. आठवड्याने ती मुलगी म्हणाली की ती नव्या सत्रात दुसऱ्या वसतिगृहात जाईल. तोवर मजल्याचा नियम पाळेल. तिने तो पाळला. जानेवारीत ती गेली. पण परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला याच दिवाणखान्यात येऊन बसायची, कारण शांत जागा तिला माहीत होती ती ही.

ही हकीगत मी पुण्यात सांगते तेव्हा लोक म्हणतात, आपल्याकडे हवेत हो असे मजले. आपल्याकडे काय आहे ते मग मला आठवते. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना लागतो. तो खिशात घेऊन कितीजण बसतात, ते वाचकांनी आपापल्या ओळखीत पाहावे. वर्धा जिल्हा गांधीजींच्या वास्तव्याच्या आदराने कोरडा ठेवला आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. ती तिथल्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, लढून मिळवली. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. यांत मला टिकाऊ दिसते ती ज्यांच्या घरातली झोप मोडत होती त्यांनी मागितलेली बंदी. वरून आलेल्या बंदीला रस्ता ओलांडणारे नेहमीच भेटतात.

एक घोटाळा मात्र करू नये. निर्व्यसनी मजला म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, ते व्यसनात सापडलेल्यांसाठी. अमेरिकेतही कॉलेजांनी त्या कामासाठी निराळी घरे काढली. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाने १९८८ साली, मिनिआपोलिसच्या ऑग्सबर्गने १९९७ साली. तिथे आजारातून उठणाऱ्यांना एकमेकांचा आधार असतो, समुपदेशक असतात. निर्व्यसनी मजल्यावर यातले काही नसते. तिथे फक्त शेजार असतो. आपल्या मुलाला सवय लागली आहे अशी शंका ज्या आईबापांना आहे, त्यांनी या चौकटीकडून औषधाची अपेक्षा धरू नये.

२०१८ च्या एप्रिलात मी पुन्हा अ‍ॅन आर्बरला गेले. महिन्याचा पहिला शनिवार होता, आणि त्या दिवशी भर दुपारी डायगवर ‘हॅश बॅश’ भरतो: गांजाच्या समर्थकांची जत्रा! त्याचा उगम असा की जॉन सिंक्लेअर नावाच्या कवीला दोन गांजाच्या विड्यांपायी दहा वर्षांची सजा झाली होती. त्याच्या सुटकेसाठी डिसेंबर १९७१ मध्ये इथे सभा झाली, तिला खुद्द जॉन लेनन आणि योको ओनो आले. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सजा रद्द केली, आणि १ एप्रिल १९७२ पासून ही जत्रा भरू लागली. पितळी ‘एम’च्या आसपास धुराचे ढग तरंगत होते, ढोल वाजत होते, पांढऱ्या दाढीची आजोबामंडळी नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर डोलत होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मिशिगनच्या मतदारांनी एकवीस वर्षांवरील सर्वांना गांजा मोकळा केला. विद्यापीठाच्या आवारात तो वर्ज्यच राहिला. २०२४ पासून त्या लाखाच्या मैदानात बिअरही विकू लागले. डिव्हिजन स्ट्रीटची रेघ पुसली गेली आहे, आणि म्हणून प्रत्येकाला आपली रेघ आपणच ओढावी लागते.

भाची तेव्हा तिसऱ्या वर्षात होती. पहिल्या वर्षानंतर बहुतेक मुले वसतिगृह सोडतात, तशी तिनेही सोडली. त्या मजल्यावरच्या चौघींनी मिळून केरीटाउन भागात जुने लाकडी घर भाड्याने घेतले होते. तिथे अर्ज नाही, चौकट नाही, आर. ए. नाही. चौघींपैकी दोघी आता एकवीसच्या झालेल्या. एक कधी मैत्रिणींबरोबर बाहेर बिअर घेते, हे भाचीने मला सहज सांगितले, आणि मीही सहज ऐकले. घरात मात्र बाटली येत नाही. हे कधी ठरले, असे मी विचारले तर एकमेकींकडे पाहून त्या हसल्या, कोणालाच आठवेना.

परदेशी मुले पाठवणारे आईबाप अलीकडे माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यांना मी सांगते, मजला पाहून घ्या. आजूबाजूच्या खोल्याही त्याच नियमाच्या आहेत की एकच खोली आहे, ते विचारा. बाहेरून पिऊन परतण्याबद्दल करारात काय लिहिले आहे, वाचा. करार मोडला तर काय होते, तेही विचारा. आणि एवढे सगळे विचारून झाले की संगणक मुलापुढे सरकवा आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला जा. चहा उकळायला पाच मिनिटे लागतात; तेवढा वेळ बाहेर डोकावायचे नाही.

केरीटाउनच्या त्या घरात मी दोन रात्री राहिले. दुसऱ्या रात्री उत्तरेकडची मुलगी ग्रंथालयातून फार उशिरा परतली. दाराच्या कुलपात तिची किल्ली एकदाच फिरली. माझी झोप चाळवली, शेजारच्या खोलीत कोणीतरी कूस बदलली, आणि घर पुन्हा झोपी गेले.